अंगणात ट्रॅम्पोलिन घ्यायचं का? आधी सुतळी काढा, पाकीट नंतर

यात्रेत पाळण्यांच्या शेजारी, मॉलमध्ये नाहीतर कुणाच्या वाढदिवसाला लेकरू एकदा ट्रॅम्पोलिनवर, म्हणजे स्प्रिंगने ताणलेल्या उड्या मारायच्या चटईवर, चढलं की घरी आल्यावर दुसरा विषय निघत नाही. त्यात उन्हाळी सुट्ट्या लागल्या, मामाची-मावशीची लेकरं जमली आणि सगळी मोबाइलला चिकटली की आई-बापालाही वाटतं, घेऊन टाकावं एकदाचं. निदान अंगणात तरी खेळतील.

कोणत्या कंपनीचं घ्यावं, किती फुटी घ्यावं, हे प्रश्न शेवटचे. त्याआधीचे प्रश्न मी मुद्दाम एका क्रमाने लावलेत. पहिल्या चारपैकी कुठेही ठाम ‘नाही’ आलं तर तिथेच थांबा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा, तिथे पर्याय दिलेत. हा क्रम मराठवाड्यातल्या घरांसाठी आहे: काळी माती, मे महिन्याचं ऊन, आणि गल्लीतल्या सगळ्यांचं असणारं अंगण. परदेशी व्हिडिओत दिसणारी हिरवळ इथे धरू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेलं आपण पाहिलंय. ट्रॅम्पोलिनखाली लॉन लावून ते जगवायचं हा सल्ला मी तरी देणार नाही.

पायरी १: उड्या मारणारं लेकरू किती वर्षांचं आहे?

सहा वर्षांच्या आतलं असेल तर ट्रॅम्पोलिन नको. यात मधला मार्ग नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, घरच्या ट्रॅम्पोलिनविरुद्ध १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली. त्यांच्या पाहणीत दवाखान्यात आलेल्या जखमींपैकी २२ ते ३७ टक्के लेकरं सहा वर्षांच्या आतली होती. लहानग्यांमध्ये गुडघ्याच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी हाड मोडण्याचा एक प्रकार इतका नेहमीचा आहे की डॉक्टर मंडळी त्याला ‘ट्रॅम्पोलिन फ्रॅक्चर’च म्हणतात. त्यासाठी लेकरू खाली पडावं लागत नाही. चटईवर उड्या मारता मारताच ते होतं.

थोरलं नऊ वर्षांचं आणि धाकटं चार वर्षांचं असेल तर प्रश्न धाकट्याचा धरा. थोरल्यासाठी आणलेल्या वस्तूवर धाकटं चढणारच. शिडी दरवेळी काढून घरात ठेवणं जमेल का, हे स्वतःला विचारा. जमणार नसेल तर दोन वर्षं थांबा, काही बिघडत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या लेकरांच्या मानेचे सांधे सैल असू शकतात. त्यांना, आणि हाडांचं किंवा मणक्याचं दुखणं असलेल्या लेकरांना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढवू नका.

पायरी २: एका वेळी एकच, हा नियम तुमच्या अंगणात टिकेल का?

माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. जागा मिळते, पैसे जमतात, पण हा नियम टिकत नाही.

आधी नियम का आहे ते समजून घ्या. ट्रॅम्पोलिनवरच्या दुखापतींपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकापेक्षा जास्त जण एकाच वेळी उड्या मारत असताना होतात. सोबत उड्या मारणाऱ्यांत जे सगळ्यात हलकं असतं, त्याला भारी लेकरांच्या तुलनेत १४ पटींपर्यंत जास्त धोका असतो. हेही आकडे २०१२ च्या त्याच निवेदनातले.

कारण सरळ आहे. दहावीतला दादा चटईवर आदळला की चटई खोल जाते. नेमके तेव्हाच दुसरीतल्या बहिणीचे पाय चटईवर टेकलेले असतील तर परत वर येणारी चटई दादाच्या वजनाचा सगळा जोर तिच्या पायाला देते. ती स्वतःच्या ताकदीने कधीच गेली नसती इतकी उंच फेकली जाते, आणि खाली येताना कुठे, कशी पडेल यावर तिचा ताबा राहत नाही. कधी उलट होतं. चटई ताठ होऊन वर येत असते आणि हिचे पाय खाली येत असतात, मग तो दणका थेट नडगीला बसतो. पहिल्या दोन-तीन वेळा तिला मजाच वाटते, म्हणून ती ‘दादा, परत!’ असं ओरडते. पाहणाऱ्यालाही त्यात धोका दिसत नाही.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० च्या सिडनी स्पर्धेपासून आहे. तिथेही एका वेळी एकच खेळाडू उडतो. दोघांनी जोडीने करायचा सिंक्रोनाइज्ड प्रकार वेगळ्या स्पर्धांत असतो, पण त्यातही शेजारी-शेजारी दोन स्वतंत्र ट्रॅम्पोलिन लावतात. वर्षानुवर्षं सराव केलेले लोक एका चटईवर दोघं चढत नाहीत, आणि आपल्याकडे वाढदिवसाला सात-आठ लेकरं सोडतात.

आता तुमचं अंगण डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी साडेपाचला ट्रॅम्पोलिन उघडलं की पंधरा मिनिटांत गल्लीतली लेकरं फाटकाशी जमतात. ‘काकू, फक्त दोनच उड्या!’ काकू पहिल्या दिवशी सगळ्यांना येऊ देतात. चौथ्या दिवशी एकेकाला चढवतात. आठवड्याने आत कुकरची शिट्टी होते, काकू उठून जातात, आणि परत येईपर्यंत चटईवर पाच जण असतात. कुणाच्या लेकराला फाटकातून परत पाठवणं आपल्या रिवाजात बसत नाही. पाठवलं तर ‘एक वस्तू काय आणली, लई मिरवायला लागले’ हे ऐकावं लागतं. आणि शेजारच्या लेकराचा हात तुमच्या अंगणात मोडला तर दवाखान्याचा खर्च देऊनही ते घर वर्षभर बोलत नाही.

म्हणून खरेदीच्या आधी एक चाचणी करा. घरातली एकच सायकल काढा आणि गल्लीतल्या लेकरांना सांगा, पाच-पाच मिनिटं एकेकाने चालवायची. आठवडाभर दुरून बघा. मोठी पोरं लहानांचा नंबर खातात का? भांडण सोडवायला किती वेळा उठावं लागतं? मोठं माणूस समोर नसताना पाळी टिकते का? सायकलवर जे टिकत नाही ते ट्रॅम्पोलिनवर मुळीच टिकणार नाही.

याच पायरीत दुसरा प्रश्न: रोज तिथे बसणार कोण? नाव ठरवा. ‘कुणीतरी असतंच घरात’ हे उत्तर धरू नका. जखमा झालेल्या प्रसंगांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या प्रसंगांत मोठं माणूस हजर होतं, म्हणजे नुसतं हजर असून भागत नाही. बसणाऱ्याचा मोबाइल खिशात हवा, आणि ‘उतर खाली’ म्हटल्यावर लेकरू उतरलं पाहिजे. आजी ओसरीवर बसून असते खरी, पण तिचं कुणी ऐकत नसेल तर तिला धरू नका. शाळेतून दमून आलेली आई आणि आठ वाजता दुकान बंद करून येणारा बाप, यांच्यातलं कोण रोज तास-दीड तास काढेल?

उत्तर ‘नाही’ असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक घरांत ते तेच असेल.

पायरी ३: सुतळी आणि खुंटी घेऊन जागा मोजा

नजरेने मोजू नका. अंगणाच्या मधोमध एक खुंटी ठोका. १० फुटी ट्रॅम्पोलिनचा विचार असेल तर सुतळीला ५ फुटांवर गाठ मारा आणि खुंटीभोवती फिरवत रांगोळीने किंवा चुन्याने गोल काढा. हे झालं ट्रॅम्पोलिन. आता त्याच सुतळीला ११ फुटांवर दुसरी गाठ मारून बाहेरचा गोल काढा. या दोन गोलांमधला ६ फुटांचा पट्टा मोकळा हवा: भिंत नाही, तुळशीवृंदावन नाही, मोटारसायकल नाही, हौद नाही, कपड्यांची दोरी नाही, तारेचं कुंपण तर नाहीच.

हिशोब असा पडतो. ८ फुटीला २० बाय २०, म्हणजे ४०० चौरस फूट लागतात. १० फुटीला २२ बाय २२, म्हणजे ४८४. १२ फुटीला ५७६. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १२ फुटी ट्रॅम्पोलिन अर्ध्या गुंठ्याहून जास्त जागा अडवतं. ३० बाय ४० च्या प्लॉटवर घर बांधून पुढे उरतो तो दहा-बारा फुटांचा पट्टा. त्यात हे बसत नाही. जुन्या वाड्याचा चौक किंवा गावाकडचं मोठं अंगण असेल तर बसतं, आणि वावरातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठा-कोठ्याच्या जागी, तर जागाच जागा असते.

मग वर बघा. अनेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चटईच्या वर २४ फूट मोकळं सोडायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे आडव्या येतात त्या लिंबाच्या फांद्या, घरावर घेतलेली सर्व्हिस वायर, आणि आखाड्यावर पंपाकडे गेलेल्या लोंबत्या तारा. तार वरून किंवा जवळून जात असेल तर जागा बदला. चौकट लोखंडी आहे आणि वाऱ्यात तार किती झुलते हे शेतकऱ्याला सांगायला नको.

गच्चीवर लावायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. चटई जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच असते आणि गच्चीचा कठडाही साधारण तेवढाच. म्हणजे लेकरू नुसतं उभं राहिलं तरी कठड्याची वरची कड त्याच्या पावलांशी येते. ट्रॅम्पोलिनभोवती लावायच्या जाळीच्या भरवशावर हे करू नये.

आता खालची जमीन. पेव्हर ब्लॉक, कोबा किंवा फरशी केलेलं अंगण यासाठी चालत नाही, कारण बाहेर पडलेलं लेकरू थेट त्यावर आपटतं. मातीचं अंगण असेल तर माती कोणती ते बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात तिला भेगा पडतात, ट्रॅम्पोलिन धरून ठेवायला जमिनीत ठोकलेले हूक सैल होऊन हाताने उपसून येतात. जुलैमध्ये तीच माती लोण्यासारखी होते, एक पाय चार बोटं खचतो, दुसरा तसाच राहतो, आणि ट्रॅम्पोलिन तिरकं होतं. तिरक्या चटईवरची उडी सरळ खाली येत नाही, लेकरू दरवेळी एकाच बाजूला, जाळीकडे ढकललं जातं.

यावर उपाय आहे, थोडी मजुरी लागते. पाय जिथे येणार तेवढ्याच जागी फूट-दीड फूट काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसने नीट ठोका, वर शहाबादी फरशीचा तुकडा बसवा. पातळी मिस्त्रीकडच्या पाण्याच्या पाइपने तपासून घ्या. मुरूम फक्त पायांखाली. भोवतीच्या ६ फुटांच्या पट्ट्यात मुरमाचे खडे नकोत, तिथली माती खुरप्याने भुसभुशीत करून ठेवा. बाभळीच्या काड्या, काचा, खिळे वेचून काढा, कारण लेकरं अनवाणी उतरतात. मऊ व्हावं म्हणून सोयाबीनचं भुसकट पसरण्याची कल्पना सुचते, पण पसरू नका. त्यात उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि ओल धरली की विंचू.

खड्डा खणून ट्रॅम्पोलिन जमिनीच्या पातळीला बसवायचा प्रकार परदेशात चालतो. काळ्या मातीत पहिल्याच पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होईल.

पायरी ४: बारा महिन्यांचा हिशोब

एवढे पैसे घालून वर्षातले किती महिने ते वापरात येईल? हा प्रश्न विकणारा विचारत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. हवा कोरडी, जमीन घट्ट, ऊन सोसवतं. मार्चमध्ये संध्याकाळी चालतं. मात्र फेब्रुवारी-मार्च म्हणजे अवकाळी आणि गारपिटीचेही दिवस. २०१४ च्या त्या गारपिटीने या भागातल्या रब्बीचं काय केलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. तसा अंदाज आला की जाळी आणि कडेच्या स्प्रिंग झाकणारी गादी उतरवून आत घ्या.

एप्रिल-मे मध्ये गंमत होते. लेकरांना सुट्ट्या, आणि नेमकं तेव्हाच ट्रॅम्पोलिन दिवसभर बंद. पारा चाळिशीच्या वर असताना काळी चटई उन्हात इतकी तापते की अनवाणी पाऊल टेकवत नाही, लोखंडी कडेला हात लागला तर चटका बसतो. सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळताना, एवढाच वेळ मिळतो. चढवण्याआधी स्वतःचा तळहात चटईवर पाचपर्यंत मोजून ठेवून बघा. ठेवता आला तर लेकराला सोडा, आणि जवळ पाण्याचा तांब्या असू द्या. दुपारी हिरवी नेट बांधून सावली करता येते, पण ती उड्यांच्या उंचीच्या बरीच वर हवी आणि तिचे बांबू ६ फुटांच्या पट्ट्याच्या बाहेर.

मे अखेर ते जून हे वळवाचे दिवस. जाळी लावलेलं ट्रॅम्पोलिन म्हणजे वारा अडवणारी मोठी भिंत, आणि गोठ्याचे पत्रे उडवणारा वारा त्याला सोडत नाही. काळ्या मातीतले हूक तेव्हा भरवशाचे नसतात, हे वर आलंच. प्रत्येक पायावर वाळूचं किंवा मातीचं भरलेलं पोतं आडवं टाकून नायलॉनच्या दोरीने आवळा, आणि आभाळ काळं झालं की जाळी उतरवा.

विजांचं विसरू नका. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसं-जनावरं जातात. मोकळ्या वावरात लोखंडी चौकटीवर उड्या मारणारं लेकरू नको. गडगडाट ऐकू आला की खाली उतरवून घरात घ्यायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं, ते मोबाइलवर असू द्या.

जून ते सप्टेंबर ओली चटई घसरते, खाली चिखल, पाय खचलेले. सलग उघडीप मिळाली तर ठीक, नाहीतर बंदच समजा.

सगळं धरून चार-पाच महिने बरा वापर होतो. बाकीचे महिने ते ऊन खात उभं राहतं, आणि त्यात आधी मरते ती जाळी, मग स्प्रिंगवरची गादी. एवढ्या वापरासाठी किंमत परवडते का ते आता ठरवा.

पायरी ५: इथवर सगळं ‘हो’ असेल तर घेताना काय बघायचं

जाळीसकट १० फुटी ट्रॅम्पोलिन साधारण वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातं. त्यात मुरूम, मजुरी, पोती, सावली आणि दोन-तीन वर्षांनी नवी जाळी-गादी धरा. घेण्याआधी दुकानदाराला विचारा: जाळी, गादी आणि स्प्रिंग सुटे मिळतात का? किती दिवसांत येतात? उत्तर गोलमोल आलं तर पुढचं दुकान बघा.

जाळी खांबांच्या आतल्या बाजूने हवी, म्हणजे लेकरू खांबावर आदळत नाही. जाळी आणि चटई यांच्यामध्ये पाय किंवा डोकं जाईल अशी फट नको. खांबांना फोमचं आवरण हवं. स्प्रिंगवरची गादी स्प्रिंग पूर्ण झाकेल इतकी रुंद आणि जाड हवी. अंगठ्याने दाबून बघा, खालचं लोखंड लगेच हाताला लागत असेल तर ती पातळ आहे. वजनाची मर्यादा वाचा, पण ‘१५० किलो’ असं लिहिलंय म्हणून तीस-तीस किलोची पाच लेकरं चालतात असा अर्थ काढू नका. तो आकडा चौकटीचा आहे, हाडांचा नाही. घरगुती ट्रॅम्पोलिनसाठी युरोपात ईएन ७१-१४ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ ३८१ ही मानकं आहेत. खोक्यावर किंवा पुस्तिकेत यांचा उल्लेख आहे का ते पाहा.

जुनं स्वस्तात मिळत असेल तर जाळीचा दोरा नखाने ओढा. तुटला तर ती जाळी उन्हाने गेलेली आहे. चौकटीचे जोड हात फिरवून बघा, गंज आतून खातो. जाळी नसलेलं फुकट मिळालं तरी आणू नका.

आणि जाळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. बाहेर पडणं हे २७ ते ३९ टक्के दुखापतींचं कारण आहे. बाकीच्या बहुतेक ट्रॅम्पोलिनवरच होतात.

पायरी ६: जोडणी आणि रोजची नजर

दोन मोठी माणसं आणि अर्धी सकाळ लागते. स्प्रिंग ओळीने बसवत गेलात तर शेवटच्या दहा-बारा बसतच नाहीत. घड्याळात बारा, सहा, तीन, नऊ या जागी आधी लावा, मग मधल्या भरत जा. सोबत आलेला ओढायचा हूक वापरा, पक्कड नको, आणि हातमोजे घाला. सुटलेली स्प्रिंग बोट फोडते.

रोज उघडताना खाली वाकून बघा. सावलीची जागा कुत्र्याला, विंचवाला, सापाला आवडते. काठीने खालची जमीन चाळा, गादीच्या खालच्या बाजूने नजर फिरवा. जाळीची चेन शेवटपर्यंत ओढली आहे ना, स्प्रिंग सगळ्या जागेवर आहेत ना, चटईला भोक नाही ना. खाली चेंडू, सायकल, बाज असं काही ढकललेलं असतं, तेही काढा.

नियम मोजकेच ठेवा आणि घरातल्या लेकरांना सगळ्यात आधी लावा. एका वेळी एकच. कोलांटउडी बंद, कारण मान मोडते ती बऱ्याचदा त्यातच. खिशात काही नको, गळ्यात साखळी-गोफ नको, ओढणी नको. उतरताना उडी मारायची नाही, बसून शिडीने उतरायचं. बाकीचे बाहेरच्या गोलावर बसून राहतील. तो गोल पांढऱ्या चुन्याने आखून ठेवला की सांगणं सोपं जातं.

लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला वावरात सगळा गोतावळा जमतो. आखाड्यावर ट्रॅम्पोलिन असेल तर त्या दिवशी शिडी काढून गाडीच्या डिकीत टाका आणि चावी खिशात ठेवा. भज्जी-आंबिलाच्या गडबडीत नजर ठेवायला कुणी मोकळं नसतं. आणि हो, जेवण झाल्यावर ‘आमच्या वेळी हे नव्हतं’ म्हणत काका स्वतःच चढतात, त्यांनाही आवरा.

पडलंच तर

हात किंवा पाय सुजला, वाकडा दिसला, हलवताना लेकरू किंचाळलं तर तेल लावून चोळू नका आणि हाडं बसवणाऱ्याकडे नेऊ नका. कोपराजवळ मोडलेलं हाड चोळल्याने नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. आहे त्या स्थितीत हाताखाली पुठ्ठा किंवा फळी धरून सैलसर बांधा, खायला-प्यायला देऊ नका, आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या. मान किंवा पाठ दुखते म्हणालं, हातापायाला मुंग्या आल्या, तर उचलू नका. तसंच झोपवून ठेवून १०८ ला फोन करा. डोक्याला लागल्यावर उलट्या, गुंगी, बोलण्यात गोंधळ दिसला तर घरी थांबू नका. लहान लेकराला सूज काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी ते पाय टेकवायला तयार नाही, हेही डॉक्टरांना दाखवा. अशी मोड पहिल्या एक्स-रेत कधी कधी नीट दिसतही नाही.

आखाड्यावर लावणार असाल तर एक आकडा आधीच काढून ठेवा: तिथून हाडांच्या डॉक्टरपर्यंत रात्री किती वेळ लागतो. अंबाजोगाईचं रुग्णालय, लातूर, नांदेड, परभणी किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, तुम्हाला जे जवळ ते. पावसाळ्यात पांदण बंद होत असेल तर तो वेळही धरा.

‘नाही’ ठरलं तर

लेकराला उडायला आवडतं, ही गोष्ट चांगलीच आहे. ती भागवायचे दुसरे रस्ते आहेत. लिंबाच्या भक्कम आडव्या फांदीला टायरचा झोका बांधा. नागपंचमीला आपण झोका बांधतोच, तो वर्षभर राहिला तर कुणाची हरकत नाही. दोर मात्र दर पावसाळ्यानंतर बदला. दोरीच्या उड्यांना दहा बाय दहाची जागा पुरते, आणि लंगडी, लगोरीला गल्लीतली सगळी लेकरं एकदम लागतात. तिथे गर्दी हाच खेळ असतो, पाळीचं भांडण होत नाही. उड्या, कोलांट्या खरंच शिकायच्या असतील तर जिमनॅस्टिक्स किंवा मल्लखांबाच्या वर्गात घाला. संभाजीनगरात गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल आहे, इतर जिल्ह्यांतही क्रीडा संकुलं आहेत. तिथे जाऊन कोणते वर्ग चालू आहेत ते प्रत्यक्ष बघा. शिकवणारा शेजारी उभा असतो आणि खाली गादी असते.

फक्त वाढदिवसापुरतं हवं असेल तर भाड्याने आणा. मंडपवाल्याकडे किंवा वाढदिवसाची सजावट करणाऱ्याकडे ट्रॅम्पोलिन नाहीतर हवा भरायचं ‘मिकी माऊस’ मिळतं. ठरवतानाच विचारा: सोबत माणूस किती वेळ थांबणार? जाळीला भोकं आहेत का? हवेचं असेल तर चारी कोपरे कशाला बांधणार, आणि लाइट गेली तर जनरेटर आहे का? लाइट गेली की ते लेकरांसकट खाली बसतं, आणि आपल्याकडे संध्याकाळी लाइट जाणार नाही असं कुणी लिहून देत नाही. वेळ साडेपाचनंतरची घ्या. केक कापायच्या आधी उड्या, नंतर नाही; पोटभर केक खाऊन उडलेलं लेकरू चटईवर काय करतं ते धुवायला भाड्याचा माणूस थांबत नसतो.